खुबा मोडला: स्क्रू, पट्टी की नवा गोळा?

नगर रस्ता असो नाहीतर सोलापूर रस्ता, शिरूर-दौंडकडं गाडीवरून पडून खुबा मोडल्याचं आपण ऐकतो. मग बचत गटाकडं कर्जाचा अर्ज येतो आणि त्याबरोबर प्रश्नही येतो: "शेजारच्या आजींचा गोळा बदलला, तिसऱ्या दिवशी त्यांना चालवलं. हिचं वय ३५. मग हिला स्क्रू टाकून दोन-तीन महिने पाय टेकू नको, असं का सांगतात?"

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, त्याखाली मान. गोळ्याला बहुतेक रक्त या मानेवरूनच पोचतं. मान मोडून सरकली की रक्तवाहिन्या दबतात, तुटतात. मोटार चालू, पण पाइप पिळलेला, तसंच. म्हणून चोळायचं नाही, ओढायचं नाही, हाडवैद्याकडं दिवस घालवायचे नाहीत. पाय न हलवता १०८ ला फोन करायचा.

आजींना अंथरुणात पडून राहणं धोक्याचं, म्हणून त्यांना नवा गोळा. पण तो झिजतो. पस्तिशीत बसवला तर पुढं पुन्हा ऑपरेशनची पाळी येऊ शकते. म्हणून तरुण वयात डॉक्टर आधी स्वतःचा गोळा वाचवायला बघतात.

त्याचे मुख्य मार्ग दोन. एक, लहान छेदातून बहुधा तीन पोकळ स्क्रू. दुसरा, पट्टीला जोडलेला जाड सरकता स्क्रू. याला छेद मोठा लागतो, पण मोड उभी किंवा मानेच्या बुडाशी असेल तर तो पकड चांगली धरतो. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये पन्नाशीपुढच्या हजारावर रुग्णांचा अभ्यास आला. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच निघालं. पट्टीवाल्यांत गोळा सुकण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं, तर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना पट्टीच बरी ठरली. तेव्हा महागडं ते चांगलं, असं धरू नका. मोड कशी आहे, सरकली आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

खरी अडचण घरी आल्यावर. सुनेनं पाय टेकायचा नाही म्हटलं, तर पाणी कोण भरणार, धार कोण काढणार? आमच्या मते कर्ज मंजूर करतानाच गटानं ही पाळी ठरवावी.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. आणि एक्स-रे टाकून देऊ नका. गोळा सुकायला लागल्याचं दोन वर्षांनीही कळू शकतं. जांघेत पुन्हा दुखू लागलं, तर जुने एक्स-रे घेऊनच तपासायला जा.