सोप्रानो म्हणजे नुसता बारीक आवाज नव्हे

अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. ना. वा. टिळकांची भजनं आणि परदेशी चालींची गीतं या जिल्ह्यातल्या चर्चांमध्ये शेजारी-शेजारी रुळली. त्यामुळे कॉयरमध्ये बायकांचा वरचा आवाज म्हणजे सोप्रानो, हे इथल्या पुष्कळांना ठाऊक असतं. पण तीन-चारशे वर्षांपूर्वीचं युरोपीय संगीत गाण्यात कुणी उभी हयात घालवतं म्हटलं, की गैरसमजांची रांग लागते.

ऑपेरा झेपत नाही, म्हणून कमजोर आवाजाच्या गायिका इकडे वळतात, हा त्यातला एक. खरं तर इथे ल्यूट आणि आतड्याच्या तारांची व्हायोलिनं साथीला असतात; त्यांचा नाद मुळात मंद. शंभर वाद्यांवरून आवाज फेकायची गरजच नसते. कस लागतो तो शब्दांच्या स्वच्छतेत आणि जलद तानांत. बरोक, म्हणजे याच काळातल्या संगीतासाठी ‘ए’ हा स्वर आज सहसा ४१५ हर्ट्झला लावतात, म्हणजे नेहमीच्या ४४० पेक्षा साधारण अर्धा स्वर खाली. आवाजात कंप अजिबात चालत नाही, हेही खोटं. जागा पाहून तो घेतला जातो.

‘त्या छापलेलं तेवढंच गातात’ हा समज फार पक्का, आणि आपल्याकडचे जाणकारही तो बाळगून असतात. हेंडेलच्या कितीतरी आरियांमध्ये, म्हणजे एकट्यानं गायच्या गीतांमध्ये, पहिला भाग शेवटी पुन्हा येतो. तो जसाच्या तसा गाणारीला कच्ची समजतात. तिथे स्वतःच्या हरकती घालायच्या असतात. हार्प्सिकॉर्ड वाजवणाऱ्यापुढेही बहुधा खालचे स्वर आणि आकडेच असतात, वरचं त्यानं भरायचं. कॅचिनी या संगीतकारानं १६०२ मध्ये फ्लॉरेन्सला छापलेल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत अलंकार कसे घ्यावेत हे समजावलं आहे. ख्याल ऐकणाऱ्याला यात परकं काही वाटू नये. फरक एवढाच, की हरकत कितीही लांबली तरी खालच्या स्वरसंगतीशी तिचं जुळावं लागतं.

हे गाणं मुळात बायकांसाठीच होतं, असंही नाही. बाखच्या लाइपझिगमधल्या चर्चमध्ये सोप्रानो गायचे ते मुलगे.

लहानपणापासून संगीतशाळेत घातलं तरच जमतं, म्हणावं तर या क्षेत्रातलं सर्वांत मोठं नाव, एमा कर्कबी, ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकल्या आणि आधी शाळेत शिकवत होत्या. २००७ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला.

मुंबईत १९६० साली जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओंना मात्र एकाच खणात बसवता येत नाही. लंडनला गिल्डहॉलमध्ये शिकलेल्या या गायिकेसाठी जॉन टॅव्हनर या आधुनिक संगीतकारानं तीसहून अधिक रचना केल्या. या गायिकांच्या पोटापाण्याचंही असंच मिश्र गणित असतं. पगारी नोकरी क्वचितच. एकेका कार्यक्रमाचं मानधन, ध्वनिमुद्रणं आणि शिकवणं. रोझारिओही शिकवतात, आणि ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ या उपक्रमातून त्यांनी भारतातल्या तरुण गायकांसाठीही वर्ग घेतले आहेत.