गळाची काठी भिंतीला टेकवून का ठेवू नये?

पावसाळा संपतो, ताम्रपर्णीचं गढूळ पाणी निवळतं, आणि तुम्ही दाराआडची गळाची काठी बाहेर काढता. जूनमध्ये ठेवली तेव्हा ती सरळ होती. आता एक डोळा मिटून बुडाकडून शेंड्याकडे बघितलं तर शेंडा एका बाजूला गेलेला. मधल्या काळात कुणी ती वापरलेली नाही, कुणी तिच्यावर पाय दिलेला नाही. मग वाकली कशी?

चंदगड भागात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे: "ओल लागली." हे उत्तर अर्धं बरोबर आहे. नुसती ओल काठीला वाकवत नाही, आणि काठीचं स्वतःचं वजनही एकट्याने फार काही करू शकत नाही. पण काठीवर ताण असताना तिच्यातली ओल कमी-जास्त होत राहिली, तर मात्र ती वाकते आणि तशीच राहते. आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे. ते नीट कळलं, तर काठी घरात कुठे आणि कशी ठेवायची हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

बांबू आतून कसा असतो

माझं पीएच.डी.चं काम बांबूच्या धाग्यांपासून केलेल्या कंपोझिटवर आहे. कंपोझिट म्हणजे एक ताकदवान धागा आणि त्याला धरून ठेवणारा दुसरा पदार्थ, यांचं मिश्रण. गंमत म्हणजे बांबू स्वतःच एक कंपोझिट आहे. त्यातले धागे सेल्युलोजचे, आणि त्यांना चिकटवून ठेवणारे पदार्थ म्हणजे हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. धागे बाहेरच्या सालीजवळ दाट असतात, आतल्या बाजूला विरळ. म्हणून काठी गुळगुळीत करायच्या नादात साल तासून काढली, तर काठीचा सगळ्यात मजबूत भागच निघून जातो.

आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात आणि खाली कोकणात माणगा बांबू भरपूर मिळतो. शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी. तो आतून जवळजवळ भरीव असतो, म्हणून काठीसाठी चांगला. पण भरीव असो की पोकळ, एक गोष्ट सगळ्या बांबूंना लागू आहे: हवेत जशी आर्द्रता, तशी त्याच्या पोटात ओल. आर्द्रता 40 टक्के असेल तर अशा पदार्थात वजनाच्या साधारण 7-8 टक्के पाणी असतं. 90 टक्के झाली की ते 20 टक्क्यांच्या घरात जातं. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारी आपली हवा पहिल्या आकड्याकडे असते, आणि जुलैत दिवसच्या दिवस दुसऱ्या आकड्याकडे. म्हणजे काठीला पावसात भिजवायचीही गरज नाही. घरात उभी राहून ती पाणी पिते.

एस.टी.तली गर्दी आणि काठीचा वाक

कोणतीही काठी वाकवून धरली आणि बराच वेळ तशीच ठेवली, तर सोडल्यावर ती पूर्ण सरळ होत नाही. या हळूहळू वाकण्याला शास्त्रात 'क्रीप' म्हणतात. मराठीत आपण सरपटणं म्हणू, कारण आतले रेणू एकमेकांवरून खरोखरच सरपटत असतात. मात्र हवा कोरडी आणि स्थिर असेल तर हे सरपटणं फार सावकाश चालतं.

आता एक भरलेली एस.टी. डोळ्यासमोर आणा. घाटाच्या वळणावर गाडी कलली आहे आणि उभे असलेले सगळे वरचा दांडा घट्ट धरून आहेत. कुणी हललं नाही तर सगळे आपापल्या जागी राहतात. पण तेवढ्यात कंडक्टर गर्दीतून वाट काढत पुढे निघाला. त्याला जागा द्यायला प्रत्येक जण क्षणभर हात सोडतो, आणि पुन्हा दांडा धरतो तो किंचित कललेल्या बाजूला. कंडक्टर परत मागे आला की पुन्हा तेच. चार फेऱ्या झाल्या की अख्खी गर्दी एका बाजूला.

बांबूतला कंडक्टर म्हणजे पाणी. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजचे लांब रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाण्याचा रेणू आत शिरताना हे बंध सोडवतो, बाहेर जाताना ते पुन्हा जुळतात. काठीवर ताण नसेल तर ते साधारण जुन्या जागीच जुळतात. ताण असेल तर ताणाच्या दिशेने थोडे सरकून जुळतात. प्रत्येक ओलं-सुकं होण्यागणिक थोडा वाक पक्का होतो.

हे पहिल्यांदा स्पष्टपणे दाखवलं ऑस्ट्रेलियातल्या आर्मस्ट्राँग आणि किंग्स्टन या संशोधकांनी. 1960 साली 'नेचर'मध्ये त्यांचा छोटासा लेख आला. त्यांनी लाकडाच्या पट्ट्यांवर भार ठेवला आणि वाक मोजला. जी पट्टी भाराखाली असताना वाळत गेली, ती सतत ओल्या किंवा सतत सुक्या ठेवलेल्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त वाकली. विचार केला तर हे चमत्कारिक आहे. ओलं लाकूड मऊ असतं, म्हणून ते जास्त वाकेल असं आपण म्हणू. पण जास्त वाकलं ते ओल्याचं सुकं होत असलेलं. या परिणामाला 'मेकॅनो-सॉर्प्टिव्ह क्रीप' असं जडजंबाल नाव आहे. लक्षात ठेवायला आपली एस.टी. पुरेशी आहे.

आता दाराआडच्या काठीकडे परत बघा. तिरकी टेकवलेली, म्हणजे तिचं वजन तिला मधून वाकवतंय. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कधी झड, कधी उघडीप. शेजारी स्वयंपाकघर असेल तर दिवसा ऊब आणि रात्री दमट. कंडक्टरच्या किती फेऱ्या झाल्या, मोजा.

जुन्या घराला हे माहीत होतं

कौलारू घरात काठीची जागा ठरलेली असायची. चुलीच्या वर, तुळईला किंवा वाशांना आडवी बांधलेली. यात तीन गोष्टी एकदम साधत होत्या. दोन-तीन ठिकाणी बांधल्यामुळे काठीला आधार मिळायचा आणि वजनाचा वाक पडायचा नाही. चुलीच्या उबेमुळे तिथली हवा भर पावसातही बाकीच्या घरापेक्षा कोरडी राहायची. आणि धुरातले डांबरासारखे पदार्थ काठीवर बसून किडे आणि बुरशी दूर राहायची.

गॅस आला, स्लॅब आला, धूर गेला. डोळ्यांच्या आणि फुप्फुसांच्या दृष्टीने ते फार चांगलं झालं. पण काठीची जागा गेली, आणि ती दाराआडच्या कोपऱ्यात आली. म्हणून 'आजोबांची काठी वीस वर्षं सरळ होती, माझी दोन पावसाळ्यांत वाकली' असं कुणी म्हणालं तर त्यात बांबूचा दोष असेलच असं नाही. घर बदललंय.

मग ठेवायची कशी?

धूर परत आणायची गरज नाही. बाकीच्या दोन गोष्टी करता येतात.

आडवी ठेवणार असाल तर तीन-चार खुंट्यांवर ठेवा, नुसत्या दोन टोकांवर नको. का, ते गणित सांगतं. दोन आधारांमध्ये काठी स्वतःच्या वजनाने जितकी लवते, ते लवणं अंतराच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. मध्ये एक खुंटी ठोकून अंतर निम्मं केलंत तर लवणं निदान सोळा पटींनी कमी होतं. एका खुंटीत एवढा फायदा!

उभी ठेवायला जागा असेल तर शेंड्याकडून सुतळीने टांगा, बूड जमिनीला टेकू देऊ नका. टांगलेल्या काठीचं वजन तिला खाली ओढतं, बाजूला नाही. म्हणजे तिचंच वजन तिला सरळ ठेवायच्या कामी येतं.

भिंत आतली निवडा. पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत ओल धरते. काठी आणि भिंत यात चार बोटं मोकळी ठेवा, हवा खेळली पाहिजे. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा पाइपात दमट काठी बंद करू नका. ओल 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला आमंत्रण. आधी सावलीत वाळवा, मग हवं तर सुती कापडात गुंडाळा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दोरी. अनेक जण काठी ठेवताना गळ बुडाजवळ टोचून ठेवतात आणि दोरी ताठ ओढतात, म्हणजे ती लोंबत नाही. हे दिसायला नीटनेटकं, पण तुम्ही काठीचं धनुष्य केलंत! चार महिने शेंड्यावर सतत ताण. दोरी सोडून घ्या, पुठ्ठ्यावर सैल गुंडाळा. नायलॉनही पाणी पितं आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी कमजोर होतं, म्हणून ती खिडकीपासून लांब ठेवलेली बरी. गळ पुसून, तेलाचं बोट फिरवून डबीत ठेवा. घरात लहान मुलं असतील तर तेवढ्यासाठी तरी नक्कीच.

पांढरी भुकटी दिसली तर

काठीखाली पिठासारखी भुकटी आणि अंगावर बारीक भोकं दिसली, तर तो डिनोडेरस जातीचा बारका भुंगेरा. त्याला हवा असतो बांबूतला स्टार्च. नवे कोंब फुटायच्या आधी, म्हणजे उन्हाळ्यात, बांबूत स्टार्च साठलेला असतो. कोंब वाढताना तो खर्च होतो. म्हणून पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेली काठी जास्त टिकते. तोडल्यावर बांबू काही आठवडे ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवायची आपली जुनी पद्धतही याच कारणाने उपयोगी आहे: साखर आणि थोडा स्टार्च निघून जातो. भुंगेरा बऱ्याचदा कापलेल्या टोकातून आत शिरतो, तेव्हा दोन्ही टोकांना मेण किंवा वॉर्निश लावून ठेवा.

दुकानातल्या काठ्यांचं काय?

बेळगाव-कोल्हापूरच्या दुकानांतून आलेल्या फायबरच्या काठ्या आता बऱ्याच घरांत आहेत. काचेच्या धाग्यांच्या काठ्या जगात 1940च्या दशकात आल्या, कार्बनच्या 1970च्या दशकात. यात हवेच्या आर्द्रतेने बांबूसारखा फरक पडत नाही, त्यामुळे वाकायची भीती बरीच कमी. पण उष्णतेने रेझिन मऊ पडतं, म्हणून पत्र्याच्या छताला चिकटून किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. एकात एक सरकणाऱ्या काठीत वाळू आणि पाणी अडकतं. सगळे भाग वेगळे करून पुसा, पूर्ण वाळवा, मगच बंद करा. कार्बनच्या काठीला बारीक ठोकरही नको. वरून काही दिसत नाही, आणि ऐन मासा लागल्यावर ती तिथेच मोडते. आणखी एक: कार्बन विजेचा वाहक आहे. विजेच्या तारांखाली किंवा ढग गडगडताना ती हातात नको. ओल्या बांबूलाही हेच लागू.

वाकलेली काठी टाकू नका

लिग्निन ओलसर असताना साधारण 80 ते 100 अंश सेल्सियसला मऊ पडू लागतं, सुकं असेल तर आणखी बरंच वर. म्हणून वाकलेला भाग ओल्या फडक्याने पुसून निखाऱ्यांवर लांबूनच, फिरवत फिरवत तापवा. हाताला कापड गुंडाळून हळूच उलट बाजूला दाबा आणि गार होईपर्यंत धरून ठेवा. बुरूड मंडळी हे हाताच्या अंदाजाने करतात. एकदा त्यांच्याजवळ बसून बघितलंत तर लेख वाचण्यापेक्षा लवकर जमेल.

आणि माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर घरीच प्रयोग करा. एकाच बांबूच्या सारख्या जाडीच्या दोन पातळ कांब्या घ्या. दोन विटांवर आडव्या ठेवून मधोमध सारख्याच वजनाचे दगड टांगा. एक कांबी कोरड्या जागी तशीच राहू द्या. दुसरीला रोज सकाळी ओलं फडकं लावा आणि दुपारपर्यंत वाळू द्या. आठ दिवसांनी दगड काढा आणि दोन्हींचा वाक पट्टीने मोजा. मग जूनच्या आधी भिंतीत तिसरी खुंटी ठोकायची की नाही, ते तुम्हीच ठरवा.