पंधरा क्विंटल केळी आणि एक लिटर डिझेल

रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यात केळीची कापणी सुरू झाली की शेतरस्त्यावर पिकअप येऊन उभी राहते. मजूर घड डोक्यावर घेऊन येतात, हौद्यात केळीच्या पानांचा थर अंथरला जातो, त्यावर घड आडवे रचले जातात. तिथून माल पॅकिंग हाऊसला, शीतगृहाला किंवा दिल्लीकडे निघणाऱ्या मोठ्या ट्रकपर्यंत जातो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चर रोपे, ठिबक सिंचन, सावदा-रावेरहून दिल्लीला सुटणाऱ्या केळीच्या रेल्वेगाड्या, या सगळ्यांवर भरपूर लिहिले गेले आहे. शेत आणि बाजार यांच्यामधला पहिला टप्पा पार पाडणाऱ्या या गाडीकडे मात्र फारसे कुणी पाहिलेले नाही. खानदेशात मालाचे भाडे ठरते ते तिच्या डिझेलवर, म्हणून तिची नीट ओळख करून घ्यायला हवी.

गाडी आणि तिचा आकडा

टाटा ४०७ ही गाडी १९८६ साली आली आणि गावोगावी पोचली. २००५ साली टाटा एस आली, तिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले. या दोघींच्या मधली जागा महिंद्राच्या बोलेरो पिकअपने घेतली. जळगाव-धुळ्याच्या बाजार समित्यांच्या आवारात एमएच १९ आणि एमएच १८ पाट्यांच्या गाड्यांमध्ये ती सतत दिसते. इंजिन चार सिलिंडरचे, २५२३ सीसी, डिझेल. पुढे दोघे-तिघे बसतील एवढी केबिन, मागे मोकळा हौदा, हौद्याखाली जाड पाटे. या इंजिनाची खरी ताकद ते गाडी किती वेगाने पळवते यात नाही. कमी फेऱ्यांवरच ते जोर देते, त्यामुळे भरलेली गाडी चिखलातून किंवा चढावरून रेस न वाढवता उचलली जाते.

ऑगस्ट २०२२ मध्ये बाजारात आलेल्या बोलेरो मॅक्स पिकअप सिटीसाठी कंपनीने लिटरला १७.२ किलोमीटर असा आकडा जाहीर केला. तिची भारक्षमता १३०० किलो. पुढे आलेल्या एचडी मालिकेत दोन टनांपर्यंत माल घेणाऱ्या गाड्या आहेत. गाडी घेताना मालक पहिला प्रश्न विचारतो तो ॲव्हरेजचा. वर्षभर भाडी मारून झाल्यावर त्याच्या हिशेबाच्या वहीतला आकडा जाहीर आकड्याच्या बराच खाली असतो. याला फसवणूक म्हणता येणार नाही. दोन्ही आकडे वेगवेगळ्या परिस्थितीत मोजलेले असतात, एवढाच त्याचा अर्थ.

हलक्या वाहनांची प्रमाणित चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही अशा चाचण्या करणारी आपल्याकडची जुनी संस्था आहे. सुमारे वीस मिनिटांच्या या चाचणीत वेग ठरलेल्या क्रमाने वाढतो-उतरतो आणि कमाल ताशी ९० किलोमीटरपर्यंत जातो. वजन धरले जाते ते रिकाम्या गाडीचे अधिक १५० किलो. म्हणजे चालक, शेजारी एक माणूस आणि थोडे सामान. हौद्यात पंधरा क्विंटल केळी आहेत, रस्ता चढाचा आहे, वारा समोरून येतो आहे, यातले काहीच त्या आकड्यात नसते.

ही अडचण फक्त आपली नाही. अमेरिकेत घोड्यांचे, बोटींचे, यंत्रांचे ट्रेलर ओढणारे अवजड पिकअप ट्रक लाखोंनी चालतात. तिथल्या नव्या कारच्या काचेवर सरकारी चाचणीतला इंधनाचा आकडा लावणे बंधनकारक आहे. एकूण वजनमर्यादा ८,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५० किलोंच्या वर असलेल्या पिकअपना मात्र त्यातून सूट आहे. ज्या गाडीचे डिझेल मालकाला सर्वांत जास्त टोचते, तिचाच आकडा काचेवर नसतो. जड ट्रेलर जोडला की ॲव्हरेज जवळपास निम्म्यावर येते, हे तिथले मालक स्वतः नोंदी ठेवून शिकले. आपले गाडीमालकही तेच करतात: टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा टाकी फुल करायची आणि भागाकार करायचा. चार-पाच फेऱ्यांचा असा हिशेब कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरा असतो.

केळीचे डिझेल, कापसाचे डिझेल

खानदेशात या गाडीचा अभ्यास विशेष रंजक आहे, कारण इथली दोन मोठी पिके डिझेल दोन वेगळ्या वाटांनी खातात.

केळी जड. हौदा काठोकाठ भरण्याआधीच वजनाची मर्यादा गाठली जाते. वजन वाढले की टायर अधिक दबतात आणि रस्त्यावरचा विरोध त्याच प्रमाणात वाढतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर आणखी वाढतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर तो डांबराच्या कित्येक पट होतो. शेतापासून सडकेपर्यंतचे दोन किलोमीटर पुढच्या दहा किलोमीटरएवढे डिझेल पिऊन जातात ते यामुळे.

कापूस हलका, पण अवाढव्य. हौद्याच्या वर जाळी बांधून, ढीग दाबून, वरून दोर आवळला तरी वजनाच्या मानाने आकार मोठाच राहतो. इथे गाडी भांडते ती हवेशी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेले की वेग वाढतो एक तृतीयांशाने, पण हवेचा विरोध होतो जवळजवळ पावणेदोन पट. पूर्वीच्या दुपदरी रस्त्यावर पाचोरा, धरणगाव किंवा बोदवडच्या जिनिंगकडे जाणाऱ्या गाडीला ८० गाठायला जागाच नव्हती. फागणे ते तरसोद आणि तरसोद ते चिखली अशा टप्प्यांत राष्ट्रीय महामार्ग ५३ चौपदरी होत गेला आणि वेग वाढला. वेळ वाचला, थांबणे-निघणे कमी झाले, तेवढे डिझेलही वाचले. पण त्याच मोकळ्या रस्त्यावर कापसाचा डोंगर ताशी ८० ने नेणारा ते वाचलेले डिझेल हवेत उधळतो. केळीवाल्याने लक्ष द्यावे टायरच्या हवेकडे, कापूसवाल्याने ढिगाच्या उंचीकडे आणि वेगाच्या काट्याकडे. ताडपत्री फडफडत असेल तर तीही डिझेल खाते, म्हणून ती आवळून बांधावी.

घाटाची किंमत

खानदेशाची ठेवण या हिशेबात फार महत्त्वाची आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याची रांग आणि मधून तापी. त्यामुळे भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे असा पूर्व-पश्चिम रस्ता बराचसा सपाट आहे. पण खानदेशातून उत्तरेला किंवा दक्षिणेला बाहेर पडायचे तर घाट चढावाच लागतो. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट, धुळ्याहून मालेगावकडे लळिंगचा चढ, शिरपूरच्या पुढे सेंधव्याकडे बिजासन, शिवाय पश्चिमेला साक्रीहून नवापूरकडे कोंडाईबारी.

घाटाला किती डिझेल लागते याचा हिशेब घरबसल्या करता येतो. पंधरा क्विंटल मर्यादेत बसतील अशी गाडी घेऊ. तिचे स्वतःचे वजन १७ क्विंटल आणि माल १५ क्विंटल धरू, म्हणजे एकूण ३,२०० किलो. ते ३०० मीटर उंच उचलायला सुमारे ९४ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये ३ कोटी ६० लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण चाकापर्यंत तिचा साधारण तिसरा हिस्साच पोचतो. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. म्हणजे रस्ता आणि हवेचा खर्च वेगळा ठेवून, नुसते वर चढायलाच पाऊण लिटरहून थोडे जास्त डिझेल लागते. गाडी रिकामी असेल तर त्याच चढाला चारशे मिलिलिटरच्या थोडे वर.

उतरताना ही ऊर्जा परत मिळत नाही, ती ब्रेकमध्ये तापून जाते. ती वाचवायला म्हणून काही चालक उतारावर गाडी न्यूट्रल करतात. जुन्या इंजिनांच्या काळापासून ही सवय चालत आली आहे आणि ती मोडलीच पाहिजे. आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल पूर्ण बंद होते, कारण चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहते. शिवाय इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि भरलेल्या गाडीचे तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देऊ शकतात. डिझेल आणि जीव, दोन्ही गिअरमध्येच वाचतात.

किलोमीटर नव्हे, क्विंटल

आता मुख्य मुद्दा. गाडी भरली की ॲव्हरेज पडते, हे खरे. पण म्हणून ती गाडी डिझेल वाया घालवते असे होत नाही. कामाचे मोजमाप लिटरला किती किलोमीटर यावर करणे मुळातच अपुरे आहे. शेतकऱ्याला गाडी फिरवायची नसते, माल पोचवायचा असतो. म्हणून विचारायचे ते एका क्विंटलला किती डिझेल लागले.

एक उदाहरण घेऊ. शंभर किलोमीटरवरच्या बाजाराला पिकअप पंधरा क्विंटल घेऊन निघाली आणि जाताना लिटरला १० किलोमीटर पडले, तर १० लिटर लागले. रिकामी परतताना १४ पडले, तर आणखी ७ लिटर. पंधरा क्विंटलला १७ लिटर, म्हणजे क्विंटलला एक लिटरहून थोडे जास्त. आता तीच गाडी परतताना खत, पेंड, बियाणे किंवा किराणा असा दहा क्विंटल माल घेऊन आली आणि लिटरला ११ पडले, तर परतीला ९ लिटर. एकूण पंचवीस क्विंटलला १९ लिटर, म्हणजे क्विंटलला पाऊण लिटर. खर्चात सुमारे एक तृतीयांश बचत, आणि तीसुद्धा ॲव्हरेज घसरूनही.

माल ओढण्याचे खानदेशातले जुने साधन म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉली. तिचे डिझेल तासावर मोजतात. भरल्या ट्रॉलीला तासाला साडेचार लिटर लागले, तासात वीस किलोमीटर अंतर कापले आणि ट्रॉलीत चाळीस क्विंटल असले, तर वीस किलोमीटरला क्विंटलमागे ११० मिलिलिटरच्या आसपास खर्च येतो. पिकअपचा तेवढ्याच अंतराचा जातानाचा खर्च १३० मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे जवळच्या जिनिंगला कापूस न्यायला ट्रॅक्टर डिझेलमध्ये मागे नाही. नाशवंत केळी आणि लांबचा बाजार असेल तर मात्र वेळेमुळे पिकअपच लागते.

हा हिशेब चुकीच्या दिशेनेही नेता येतो. क्विंटलमागचे डिझेल कमी करायला मर्यादेबाहेर माल भरण्याचा मोह होतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये पडतात. त्याहून मोठी किंमत म्हणजे वाकलेले पाटे, फुटलेले टायर आणि घाटात न थांबणारी गाडी. म्हणून जादा क्विंटल शोधायचे ते परतीच्या रिकाम्या हौद्यात. तिथे ते कायद्यात बसतात आणि सुरक्षितही असतात.

यासाठी नवे यंत्र लागत नाही. गावच्या शेतकरी गटाने, विकास सोसायटीने किंवा कृषी सेवा केंद्राने परतीच्या मालाची यादी गाडीमालकापर्यंत आदल्या रात्री पोचवली तरी पुरे. भाडे ठरवताना दोन्ही बाजूंनी किलोमीटरसोबत क्विंटलही धरले, तर वाचलेल्या डिझेलचा वाटा शेतकऱ्यालाही मिळेल. आणि कंपन्यांनी जाहिरातीत रिकाम्या गाडीच्या आकड्याशेजारी पूर्ण भारासह मोजलेला आकडा छापावा, सरकारने तो सक्तीचा करावा. ज्या गाडीचे सगळे आयुष्य ओझे वाहण्यात जाते, तिची परीक्षा ओझ्यासहच व्हायला हवी. कर्ज काढून ती घेणाऱ्या खानदेशातल्या तरुणाला हप्ता ठरवण्याआधी खरा आकडा कळणे हा त्याचा हक्क आहे.