‘डिस्ट्रॉय’ म्हणजे नेमका किती नाश?

चिनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांत एक वाक्य हटकून भेटतं: कारखाने पर्यावरण ‘डिस्ट्रॉय’ करतात. व्याकरण बरोबर, पण वाचणाऱ्याला वाटतं, तिथे आता काही उरलेलंच नाही. यात मुलांचा दोष नाही. एका शब्दासमोर एकच अर्थ छापणाऱ्या शब्दयाद्या त्यांना या वाटेला नेतात.

गैरसमज: ‘डिस्ट्रॉय’ म्हणजे चिनीतलं ‘फोहुआय’.

वस्तुस्थिती: ‘फोहुआय’चा पल्ला फार मोठा आहे. बाकाची मोडतोड, शिस्तभंग, घातपात, पुरती नासधूस, सगळं त्यात मावतं. ‘डिस्ट्रॉय’ मात्र शेवटाबद्दल बोलतो. वादळात कौलं उडाली तर घर ‘डॅमेज’ झालं. भिंतींसकट कोसळलं तर ‘डिस्ट्रॉय’. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्यासाठी बहुतेक वेळा ‘डॅमेज’ किंवा ‘हार्म’ हेच नेमकं. ‘डिस्ट्रॉय’ची जोडी ‘त्सुइहुइ’शी लावावी, पुरतं उद्ध्वस्त करणं असाच त्याचा अर्थ आहे.

गैरसमज: पाडकामालाही तोच शब्द चालतो.

वस्तुस्थिती: 2008च्या ऑलिंपिकआधी बीजिंगच्या हुथोंगांत, म्हणजे जुन्या गल्ल्यांत, पाडायच्या घरांच्या भिंतींवर वर्तुळात ‘छाय’ हे अक्षर रंगवलेलं दिसे. छाय म्हणजे पाडणे. ठरवून बांधकाम पाडणं हे इंग्रजीत ‘डिमॉलिश’. ‘डिस्ट्रॉय’ला हेतू लागत नाही, भूकंपही ते करतो, आणि त्याला वीटमातीचीही अट नाही. पुरावे, अब्रू, कारकीर्द, सगळं ‘डिस्ट्रॉय’ होतं. तिथली घरं ‘डिमॉलिश’ झाली आणि त्यापायी गल्लीतलं पिढ्यांचं शेजारपण ‘डिस्ट्रॉय’ झालं, असं म्हटलं की दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात.

उलट बाजूनेही घसरायला होतं. इंग्रजीत ‘डिस्ट्रक्शन’ दिसलं की चिनीत नाशवाचक शब्दच येईल, असं नाही. ‘वेपन्स ऑफ मास डिस्ट्रक्शन’साठी चिनीत ‘शाशांग’ येतो: ठार आणि जखमी करणं. टॉर्पिडो बोटींचा फडशा पाडायला 1890च्या दशकात ब्रिटिशांनी बांधलेल्या ‘डिस्ट्रॉयर’ला मराठीत आपण विनाशिका म्हणतो, चिनी नावाचा अर्थ मात्र हाकलून लावणारी नौका. अशी जोडनावं अख्खीच शिकावीत.

‘डिस्ट्रक्शन’ हे नाम सहसा मोजत नाहीत, त्याआधी ‘अ’ लावू नये. आणि त्यावरून ‘डिस्ट्रक्ट’ हे क्रियापद करू नये. ते जवळजवळ ‘सेल्फ-डिस्ट्रक्ट’पुरतंच, किंवा भरकटलेलं रॉकेट मुद्दाम उडवून देण्यापुरतं.