जागेची दलाली : एक जबाबदारीचा धंदा

शीव स्थानकाबाहेर पडून पूर्वेच्या गल्ल्यांतून चालूं लागलें कीं, वाण्याच्या आणि औषधांच्या दुकानांच्या रांगेंत मधूनमधून एखादी अरुंद खोली लागते. आंत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर दिनदर्शिका आणि दारावर ‘जागा भाड्यानें व विकत मिळतील’ अशी पाटी. असल्या खोलींत बसणाऱ्या माणसाविषयीं समाजाचें मत फारसें चांगलें नसतें. दोन माणसांची गांठ घालून द्यावयाची, चार गोड शब्द बोलावयाचे आणि दलाली खिशांत टाकावयाची, याला अक्कल ती कसली लागते, असा पुष्कळांचा समज असतो. ज्याला दुसरें कांहीं जमलें नाहीं तो या धंद्यांत शिरतो, असेंहि म्हटलें जातें. आणि असे शिरणारे थोडे नाहींत. परंतु त्यांतले अनेक वर्षा-दोन वर्षांत पाटी उतरवून निघून जातात आणि एखादाच त्याच गल्लींत तीस वर्षें टिकून राहतो. असें कां व्हावें?

याचें उत्तर शोधतांना एक गोष्ट आधीं ध्यानांत घेतली पाहिजे. मध्यमवर्गीय कुटुंब भाजी रोज घेतें, कापड वर्षांतून चार वेळां घेतें. घर मात्र बहुधा जन्मांत एकदांच घेतें. भाजींत फसगत झाली तर दुसऱ्या दिवशीं दुकान बदलतां येतें. घराच्या व्यवहारांत फसगत झाली तर भविष्यनिर्वाह निधि, घरांतले दागिने आणि पुढल्या वीस वर्षांचा पगार हें सर्व एकदम बुडतें. ज्या धंद्यांत गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा शहाणें होण्याची संधि मिळत नाहीं, त्या धंद्यांत दुसऱ्याचें शहाणपण विकत घ्यावें लागतें. जागेचा दलाल विकतो तें हें शहाणपण; भिंती दाखविण्याचें काम कोणीहि करील.

हें शहाणपण कशाचें, तें शीवच्या भूमीवरूनच चांगलें समजतें. शीव या नांवाचा अर्थच सीमा. सतराव्या शतकांत इंग्रजांची मुंबई येथें संपे आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी लागे. १६६९ ते १६७७ या काळांत गव्हर्नर असलेल्या जेराल्ड ऑन्जिअरच्या अमदानींत येथल्या टेकडीवर किल्ला उभा राहिला. पुढें १८९६ मध्यें मुंबईंत प्लेगनें थैमान घातलें, तेव्हां दाटीची वस्ती मोकळी करावी या हेतूनें १८९८ च्या कायद्यानें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनें दादर, माटुंगा, वडाळा, शीव या बाजूची जमीन घेतली, रस्ते आंखले, भूखंड पाडले आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें दिले. पूर्वेकडच्या पत्त्यांत अजूनहि ‘स्कीम नंबर सहा’ आणि रस्त्याचा नुसता क्रमांक आढळतो, तो याच आंखणीचा अवशेष. १९३३ मध्यें ट्रस्ट महापालिकेंत विलीन झाला. १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासित कुटुंबें शीव कोळीवाड्यांत आलीं. त्या भागाला आज गुरु तेग बहादूर नगर म्हणतात. प्रतीक्षानगर येथें गृहनिर्माण मंडळाचीं संक्रमण शिबिरें उभीं राहिलीं. येणेंप्रमाणें मैल-दीड मैलाच्या टापूंत पालिकेची भाडेपट्ट्याची जमीन, पागडीच्या चाळी, सहकारी सोसायट्या, मंडळाच्या इमारती आणि जुना कोळीवाडा असे नाना प्रकार शेजारीं शेजारीं नांदत आहेत. बाहेरून भिंती सारख्याच दिसतात; मागचे कागद मात्र सर्वस्वी निराळे.

समजा, एक नोकरदार दांपत्य एकाच गल्लींत दोन जागा पाहतें. दोन्ही दोन खोल्यांच्या, दोन्ही दुसऱ्या मजल्यावर. परंतु एकीची किंमत दुसरीच्या मानानें बरीच कमी. अडाणी दलाल स्वस्त जागेला ‘संधि’ म्हणतो आणि उद्यांच बयाणा द्या म्हणून मागें लागतो. जाणता दलाल त्यांना खालीं बसवून सांगतो कीं, स्वस्त जागा पागडीची आहे. तेथें विकत मिळतें तें घर नव्हे, तर भाडेकरूचा हक्क. घरमालकाची संमति घ्यावी लागेल, प्रघाताप्रमाणें रकमेचा एक वांटा त्याला द्यावा लागेल, आणि बँक अशा जागेवर सहसा कर्ज देत नाहीं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें पागडीचा व्यवहार मान्य केला आहे, तेव्हां त्यांत गैर असें कांहीं नाहीं. परंतु मालकी आणि भाडेकरूपणा यांतला फरक पैसे देण्यापूर्वीं कळावा, नंतर कळून उपयोग नाहीं. महाग जागेविषयींहि तो तितकेंच सांगतो : जमीन पालिकेच्या भाडेपट्ट्याची आहे, मुदत किती उरली, अटी कोणत्या, हस्तांतरणास परवानगी लागते काय, हें पाहिल्याशिवाय पुढें जाऊं नये. म्हणूनच या धंद्याची पहिली पात्रता म्हणजे कागद वाचण्याची संवय. मालमत्ता पत्रक, नोंदणी कार्यालयांतली मागल्या तीस वर्षांची नोंद, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा भाग-दाखला, जमिनीचें अभिहस्तांतरण सोसायटीच्या नांवें झालें आहे कीं नाहीं, हें ज्याला पाहतां येतें त्याचा शब्द वकिलाच्या कचेरींतहि ऐकला जातो.

दुसरी पात्रता कायद्याच्या ज्ञानाची. शंभर रुपयांवरील स्थावर मिळकतीच्या विक्रीचा दस्त नोंदलाच पाहिजे, हा नियम १९०८ च्या नोंदणी कायद्याचा. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी बदलत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें निःसंदिग्धपणें सांगितलें. घर भाड्यानें देतांना करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, नाहींपेक्षां अटींबद्दल तंटा उद्भवल्यास राहणाऱ्याचें म्हणणें खरें धरलें जातें, अशी १९९९ च्या कायद्यांत तरतूद आहे. पुढें २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रांत त्याचें प्राधिकरण कामाला लागलें. नव्या प्रकल्पांत ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेपैकीं ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यांत ठेवावी, करार नोंदण्यापूर्वीं किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक घेऊं नये, आणि विक्री वापरण्याजोग्या चटईक्षेत्रावर व्हावी, हे त्यांतले मुख्य नियम. नोंदणी न झालेल्या प्रकल्पांतली जागा विकून देण्यास दलालाला मनाई आहे. स्वतःचीहि नोंदणी त्याला करावी लागते, आणि ती न केल्यास दिवसाला दहा हजार रुपये याप्रमाणें दंड वाढत जातो. २०२३ पासून महाराष्ट्रांत दलालांसाठीं प्रशिक्षण आणि परीक्षाहि ठरविली गेली. जो धंदा एके काळीं केवळ पाटी लावून करतां येई, त्याला आतां पुस्तक उघडावें लागतें, ही गोष्ट ग्राहकाच्या हिताचीच आहे.

तिसरी पात्रता मात्र कोणत्याहि पुस्तकांत सांपडत नाहीं. ती पायांनीं मिळवावी लागते. शीव आणि किंग्ज सर्कल यांमधला भाग सखल आहे. गांधी मार्केटजवळ पावसाचें पाणी सांचतें, हें मुंबईंतलें पोरहि जाणतें. पण कोणत्या गल्लींत पाणी पायरीपर्यंत येतें आणि कोणत्या गल्लींत उंबरठा ओलांडतें, हें ज्यानें जुलैंत छत्री घेऊन पाहिलें असेल त्यालाच ठाऊक. लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ असल्यानें आजारी माणसाच्या घराला सोय होते, परंतु रात्रभर वाहनांचा आवाजहि सोसावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्यें स्थानकाजवळचा शंभर वर्षांहून जुना पूल नव्यानें बांधण्यासाठीं बंद झाला, तेव्हां पूर्व-पश्चिम जाण्यायेण्याचा हिशेबच बदलला. नळाला पाणी किती वाजतां येतें, जिना वृद्धांना चढवेल काय, शाळेंत जाणाऱ्या मुलाला हमरस्ता ओलांडावा लागतो काय, या बारीकसारीक गोष्टींवरच संसाराचें सुख अवलंबून असतें. गृहस्थ चौरस फूट विचारतो आणि गृहिणी पाण्याची वेळ विचारते. दोघांचींहि उत्तरें ज्याच्यापाशीं असतात तो दलाल टिकतो.

चौथी पात्रता धीराची. या धंद्यांत महिन्याच्या पहिल्या तारखेला कोणी पगार देत नाहीं. विक्रींत एक-दोन टक्के आणि भाड्याच्या व्यवहारांत एक महिन्याचें भाडें अशी दलाली साधारणतः रूढ आहे. दीड कोटींच्या व्यवहारावर एक टक्का म्हटला तर दीड लाख रुपये होतात. ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. पण तेवढ्यासाठीं चाळीस जणांना जागा दाखवाव्या लागतात, बोलणीं तीन वेळां फिसकटतात, आणि कर्ज नामंजूर झालें कीं सहा महिन्यांची पायपीट एका दिवसांत वायां जाते. शिवाय मंदी केव्हां येईल याचा नेम नाहीं. २०२० च्या टाळेबंदींत कित्येक महिने एकहि जागा कोणाला दाखवितां आली नाहीं. म्हणून या धंद्यांत पाऊल टाकणाऱ्या तरुणानें निदान वर्षभराच्या खर्चाची तरतूद आधीं करावी. पोटाची निकड ज्याच्या मानेवर बसली आहे, तो खरें बोलूं शकत नाहीं.

आणि खरें बोलणें हीच या धंद्यांतली शेवटची व सर्वांत अवघड पात्रता आहे. दलालाला मोबदला व्यवहार जमला तर मिळतो. मोडला तर मिळत नाहीं. अशा स्थितींत ‘ही जागा तुम्ही घेऊं नका’ हें वाक्य उच्चारणें म्हणजे हातचे लाख रुपये सोडणें होय. पुनर्विकासाच्या कामांत तर ही कसोटी अधिकच कठीण होते. जुन्या इमारतींत चाळीस वर्षें राहिलेलीं म्हातारीं माणसें दलालाच्या तोंडाकडे पाहून घर रिकामें करण्याच्या कागदावर सही करतात. पर्यायी घराचें भाडें किती दिवस मिळेल, बँकेची हमी आहे काय, नव्या इमारतींत क्षेत्र किती, हें कराराच्या कोणत्या कलमांत लिहिलें आहे, तें त्यांना वाचून दाखविणें हें त्या दलालाचें काम. तें न करतां ज्यानें दलाली घेतली, त्यानें एका कुटुंबाचें छप्परच पणाला लावलें असें म्हटलें पाहिजे. उलट, ज्यानें तें वाचून दाखविलें आणि त्यापायीं व्यवहार गमावला, त्याच्याकडे त्याच इमारतींतल्या लोकांच्या मुली आणि जांवई दहा वर्षांनीं आपलें घर शोधावयास येतात. जाहिरातीनें गिऱ्हाईक दारापर्यंत येतें. पिढ्यानुपिढ्यांचें गिऱ्हाईक मात्र विश्वासानेंच जोडलें जातें.

तात्पर्य, जागेच्या धंद्यांतलें यश वाक्चातुर्यानें मिळत नाहीं आणि नशिबानेंहि मिळत नाहीं. कागदाचें ज्ञान, कायद्याची चाड, गल्लीची ओळख, मंदींत टिकण्याइतकी शिल्लक आणि नको तो व्यवहार सोडून देण्याची हिंमत, या पांच गोष्टी जुळल्या म्हणजे त्या अरुंद खोलीवरली पाटी तीस वर्षें टिकते. गांवाला जशी शीव असते तशी धंद्यालाहि असते. ती ज्यानें ओळखली, त्याच्या हातीं घराची किल्ली सोंपवावयास कोणतेंहि कुटुंब कचरत नाहीं.