दोन दुबळ्यांचा क्षार : मर्क्युरस नायट्राइट

गुणात्मक विश्लेषणात पहिल्या गटाचा पांढरा साका अमोनियाने काळा पडला की आपण वहीत 'मर्क्युरस' असे लिहून मोकळे होतो. हा काळेपणा येतो कोठून? मर्क्युरस आयनात पाऱ्याचे दोन अणू एकमेकांशी जोडलेले असतात. अमोनियामुळे ही जोडी फुटते. एक अणू मर्क्युरिक संयुगात जातो आणि दुसरा धातुरूप पारा होतो. या सूक्ष्म पाऱ्यामुळे साका काळा दिसतो.

नायट्राइटही असेच नाजूक. नायट्रस आम्ल बाटलीत साठवता येत नाही. त्याचे विघटन होते. शिवाय नायट्राइट मर्क्युरिक पाऱ्याशी घट्ट जोडले जाते, म्हणजे मर्क्युरसची जोडी फोडण्यास मदतच करते. तेव्हा या दोघांचा क्षार टिकणे कठीण, असेच कोणीही म्हणेल.

तरीही असा क्षार आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रफुल्लचंद्र रे यांना मर्क्युरस नायट्रेट हवे होते. त्यासाठी त्यांनी जादा पाऱ्यावर विरल नायट्रिक आम्ल थंडच ओतले. थोड्या वेळाने पिवळे स्फटिक दिसू लागले. हा एखादा बेसिक क्षार असावा, असे त्यांना प्रथम वाटले. परंतु तीव्र आम्लधर्मी द्रावणात बेसिक क्षार तयार व्हावा कसा? म्हणून त्यांनी परीक्षा केली, तेव्हा तो एकाच वेळी मर्क्युरसही ठरला आणि नायट्राइटही! १८९६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

याचे कारणही समजण्यासारखे आहे. पाऱ्याशी क्रिया होताना नायट्रिक आम्लाचा काही भाग क्षपण होऊन नायट्रस आम्ल बनतो. मर्क्युरिक आयन तयार झाला, तरी तळाचा जादा पारा त्याला पुन्हा मर्क्युरस करतो. हेच स्फटिक पाण्यात टाकले, की काही अंशी पारा व मर्क्युरिक नायट्राइट वेगळे होतात.

पुढे रे यांनी अमोनियम नायट्राइट हाती घेतले. नवसागर व सोडियम नायट्राइट तापवून आपण नत्रवायू मिळवतो, तो याच क्षाराच्या विघटनातून. कमी दाबाखाली तो काही प्रमाणात न फुटता वायुरूप होतो, हे त्यांनी दाखविले आणि १९१२ साली लंडनमध्ये ते मांडले.

विद्यार्थी मित्रहो, तो पिवळा साका 'अशुद्धी' म्हणून फेकून देणे सोपे होते. प्रात्यक्षिकाच्या वेळी पुस्तकात नसलेला रंग दिसला, तर नळी धुण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी.