बंद घरातील यंत्रे

दिवाळीच्या आदल्या दिवशी भंडारा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात गेलात, तर काही घरांची कुलुपे नुकतीच उघडलेली दिसतात. नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याला राहणारी मंडळी दिवाळी आणि तिच्या पाठोपाठ येणारी मंडई यांसाठी गावी येतात. अंगण झाडले जाते, सडा पडतो आणि मुले धाव घेतात ती टीव्हीकडे. बटण दाबले जाते. कधी पडदा उजळतो, तर कधी ‘चट्’ असा आवाज होऊन जळका वास सुटतो. मग घरातील वडीलधारे म्हणतात, “मे महिन्यात तर चांगला चालत होता. तेव्हापासून कुणी त्याला हातसुद्धा लावला नाही!”

विद्यार्थी मित्रांनो, हात लावला नाही हेच तर बिघाडाचे कारण नसेल?

भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. रोज घासला जाणारा पितळी गडू लखलखतो, तर फडताळात ठेवलेला चार महिन्यांत काळवंडतो. त्याला कुणी हात लावलेला नसतो, पण हवेने मात्र लावलेला असतो. टीव्हीच्या किंवा संगणकाच्या आतील तांब्याच्या जोडण्यांवरही असाच थर चढतो. विजेच्या वाटेत अडथळा निर्माण करायला तो पातळ थर पुरेसा असतो.

पाऊस घरात न शिरता

तलावांच्या आणि धानाच्या या जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. घराचे छप्पर पाऊस अडवते, पण बाष्प अडवत नाही. २८ अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम बाष्प धरू शकते. सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर तिच्यात साडेचोवीस ग्रॅम बाष्प आधीच भरलेले असते. अशा वेळी रात्री तापमान दोनच अंशांनी उतरले, तरी गार पडलेल्या धातूवर दव जमू लागते.

नुसते शुद्ध पाणी विजेचे फारसे वहन करीत नाही. परंतु यंत्रात धूळ साचलेली असते आणि धुळीत क्षार असतात. धूळ आणि दव एकत्र आले, की जिथून वीज वाहू नये अशा दोन तारांमध्ये ओलसर पूल तयार होतो. यंत्र बंद असते तोवर हा पूल निरुपद्रवी असतो. बटण दाबताच त्यातून वीज धावते आणि आतील एखादा नाजूक घटक जळतो. म्हणजे बिघाडाची तयारी चार महिने चालते आणि घाव बसतो तो आपण बटण दाबतो त्या क्षणी.

मग रोज चालणारे यंत्र का टिकते? कारण ते स्वतःला शेकते! वरच्याच हवेचे तापमान यंत्राच्या पेटीत २८ वरून ३४ अंशांवर गेले, तर तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे साडेसदतीस ग्रॅम होते. बाष्प तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता ९० वरून ६५ टक्क्यांवर येते. वापर हाच यंत्राचा वाळवणाचा मार्ग आहे.

मग ते चालूच का ठेवू नये?

रिकाम्या घरात यंत्र चालू ठेवणे मात्र धोक्याचे आहे. विदर्भात वळवाच्या आणि मोसमी पावसात विजा कडाडतात. जवळपास वीज कोसळली, तर तारांमधून हजारो व्होल्टचा धक्का घरात शिरू शकतो. भिंतीवरचे बटण बंद करून तो थांबेलच असे नाही. कोरडी हवा दर मिलिमीटरला सुमारे ३००० व्होल्टपर्यंतच दाद देत नाही, आणि बटणातील फट काही मिलिमीटरचीच असते. म्हणून प्लग उपसून ठेवावा. छपरावरच्या डिशची तारही काढावी, कारण ती आत येण्याची दुसरी वाट आहे.

बॅटऱ्यांचे दुखणे वेगळे आहे. घड्याळातील व रिमोटमधील सेल पडून राहिले तरी त्यांच्यातील रासायनिक क्रिया पूर्णपणे थांबत नाही. शेवटी ते पाझरतात आणि स्प्रिंग खाऊन टाकतात, म्हणून ते आधीच काढून घ्यावेत. इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी आपोआप उतरत जाते. मग तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे टणक स्फटिक बनतात आणि पुढे ती पुरती चार्ज होत नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन महिन्यातून एकदा, आभाळ स्वच्छ असताना, ती चार्ज करून घ्यावी. मोबाइलमधील लिथियम बॅटरी मात्र काठोकाठ भरूनही ठेवू नये आणि रिकामीही ठेवू नये. अर्धी भरलेली ठेवावी.

कणगीचा धडा

शेतकरी धान वाळवल्याशिवाय कणगीत भरत नाही. यंत्रांनाही हाच नियम लावावा. छोटी यंत्रे धूळ पुसून, उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांतच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि सोबत सिलिका जेलची पुरचुंडी टाकावी. किती जेल लागेल, याचा हिशेब करू. १०० लिटरचा डबा म्हणजे घनमीटरचा दहावा भाग. भर पावसाळ्यातही त्यातील हवेत अडीच ग्रॅमच बाष्प असेल. दमट हवेत सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी शोषू शकते. म्हणजे १० ग्रॅम जेल पुरायला हवे! परंतु कोणताही डबा पूर्ण हवाबंद नसतो, थोडे थोडे बाष्प आत येतच राहते. म्हणून पाव किलो ठेवणे शहाणपणाचे. ओले झालेले जेल सुमारे १२० अंशांवर तापवले, की पुन्हा कामाला येते.

टीव्हीसारखी मोठी वस्तू डब्यात मावत नाही. ती ओलसर भिंतीपासून दूर ठेवावी. घर उघडल्यावर आधी दारे-खिडक्या उघडा, पंखा लावा आणि दिवसभर वारा खेळू द्या. मुंग्यांनी किंवा पालींनी आत घर केले आहे का ते फटींतून पाहा, पण संच स्वतः उघडू नका, कारण आतील धारित्रांत वीज साठून राहिलेली असू शकते. मगच प्लग लावा. मंडईच्या गर्दीत एक दिवस टीव्हीवाचून सहज निघतो!

बंद घर फक्त गावातच असते असे नाही. विदर्भातील शाळा कडक उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर बहुधा पावसाला सुरुवात झालेली असते आणि संगणकाची खोली कुलूपबंदच असते. तेव्हा यंदा सुट्टी लागण्यापूर्वी शिक्षकांना सोबत घेऊन संगणकांचे प्लग काढा आणि धूळ पुसा. शाळा उघडल्यावर पहिला दिवस वाऱ्यासाठी राखा.

तोपर्यंत एक प्रयोग करून पाहा. झाकणाच्या दोन बरण्यांत चकचकीत लोखंडी खिळे ठेवा. एकीत ओल्या कापसाचा बोळा ठेवा, दुसरीत सिलिका जेलची पुडी. पंधरा दिवस कशालाही हात लावू नका. मग खिळे शेजारी शेजारी मांडा. हात न लावलेल्या वस्तूचे काय होते, ते तुमच्या डोळ्यांना दिसेल.